तुरुंगाच्या महिला विभागातला कविता वर्ग: प्रकल्प नोंदी, मे ते ऑक्टोबर २०२५

२७ मे

कारागृह व सुधारसेवा विभागाच्या पुण्यातल्या मुख्यालयाची मंजुरी हातात आली. अर्जात आणि वर्गाच्या पाटीवर एवढंच लिहिलंय: 'कविता वर्ग'. 'बालपणीचे आघात' हे शब्द मुद्दाम कुठेही नाहीत. ते पाटीवर लावले की वर्गाला जाणारी प्रत्येक बाई बराकीत 'तसली' ठरते आणि दुसऱ्या आठवड्याला खोली रिकामी होते. समुपदेशक आणि वैद्यकीय अधिकारी यांना मात्र वेगळं पत्र देऊन खरा हेतू, म्हणजे बालपणीच्या आघातांना कवितेतून वाट ठेवणं, सांगितला आहे. बाल्यात सोसलेलं कवितेत येणारच, ते आलं तर पुढे काय करायचं हे आधी ठरलेलं हवं.

संयुक्त राष्ट्रांच्या, स्त्री बंद्यांसाठीच्या बँकॉक नियमांत (२०१०) सहावा नियम सांगतो की स्त्री तुरुंगात दाखल होताना तिच्या आरोग्य तपासणीत आधी सोसलेल्या लैंगिक आणि इतर अत्याचारांचीही नोंद व्हावी. तो प्रश्न विचारणं डॉक्टरांचं काम आहे. वर्गात तो कुणीही विचारायचा नाही.

वार मंगळवार. समुपदेशक बुधवारी येतात, म्हणून. शुक्रवारचा किंवा शनिवारचा वर्ग कितीही सोयीचा वाटला तरी घेऊ नये, कारण काही उसवलं तर पुढचे दोन दिवस टाके घालायला कुणीच नसतं.

३ जून

सामानाची यादी गेटवर दोनदा तपासली गेली. पुढच्या तुकड्यांसाठी नेमकं लिहून ठेवतो:

वह्या शिवण बांधणीच्या. स्पायरलची तार आणि स्टेपलच्या पिना आत जात नाहीत. साधे बॉलपेन, मोजून आत आणि मोजून बाहेर, आकडा गेटच्या वहीत. पेन्सिल नको, कारण शार्पनरला पातं असतं. खडू आणि फळा चालतो. मोबाइल आणि रेकॉर्डर गेटवरच ठेवावे लागतात, त्यामुळे तोंडी रचलेली कविता टिपायला दुसरा माणूस लागतोच. एकट्याने हा वर्ग घेता येत नाही. एक शिकवणारी, एक टिपणारी, आणि टिपणारीचं निम्मं लक्ष चेहऱ्यांवर.

बसण्याची रचना भिंतीला पाठ लावून, तिन्ही बाजूंनी. गोल करून बसवलं की निम्म्या जणींची पाठ दाराकडे येते आणि त्यांचं अर्धं डोकं मागे कोण आलं यातच अडकतं. लिहिणाऱ्या बाईच्या मागे जाऊन वहीत डोकवायचं नाही. शाळेतली ही सवय शिक्षकांच्या अंगात फार मुरलेली असते. महिला शिपाई दिसेल अशा पण ऐकू जाणार नाही अशा अंतरावर बसेल, असं तुरुंगाधिकाऱ्यांशी बोलून ठरवलं. दार उघडं.

मौनाच्या मर्यादा पहिल्या दहा मिनिटांत सांगितल्या: इथलं इथेच राहील, पण कुणी स्वतःच्या जिवाला अपाय करण्याचं बोललं किंवा आज एखादं मूल धोक्यात आहे असं कळलं, तर गप्प बसता येणार नाही. हे उशिरा सांगणं म्हणजे फसवणूक.

१० जून

पहिल्या दोन आठवड्यांत अपेक्षेप्रमाणे एकाच साच्याच्या कविता आल्या. 'चुकले मी', 'देवा क्षमा कर', 'तुरुंग नव्हे ही शाळा'. याला नावं ठेवायचं कारण नाही. वर्गातल्या वागण्याची बातमी तुरुंगाच्या ऑफिसात जाईल, फर्लो-पॅरोलच्या (तात्पुरत्या सुटकेच्या) वेळी उपयोगी पडेल, असा हिशेब त्यामागे असतो आणि तो अगदी शहाणा हिशेब आहे. अशी कविता नाकारली की बाई दुसरा साचा शोधते, एवढंच.

उपाय साधा: कवितेतली विशेषणं आणि भाववाचक नामं खोडायची. दुःख, माया, पाप, आशा, अंधार, सगळं बाहेर. उरतं त्यात हाताला लागेल अशी एक वस्तू घालायची. तवा, रबरबँड, रेशनकार्ड, बांगडीचा तुकडा. बहुतेक जणींच्या कवितेत खोडाखोडीनंतर दोनच ओळी उरतात. त्या दोन ओळींपासून पुढचं काम.

१७ जून

आजची नोंद सगळ्यात महत्त्वाची.

सर्जनशील लेखनाच्या कार्यशाळांत ठरलेले विषय असतात: आई, माहेर, बालपणीची आठवण, पहिला पाऊस. तुरुंगात यांपैकी पहिले तीन द्यायचे नाहीत. 'आई' म्हटल्यावर एखादीच्या डोळ्यांसमोर तिला विकणारी बाई येऊ शकते. शिवाय विषय फळ्यावर लिहिला की तो हुकूम होतो, आणि हुकूम मोडायची सोय इथे कुणालाच नाही. बालपण मागायचं नाही. त्याला यायला वाट ठेवायची, आणि ती वाट बंद करायची कडी बाईच्या हातात द्यायची.

ती कडी म्हणजे छंद. छोट्या अभंगाचं माप सगळ्यांना लगेच जमतं: चरणाला आठ अक्षरं, दोन चरणांची एक ओळ, ओळींच्या शेवटी यमक. बोटांच्या पेरांवर मोजायचं. काना-मात्रा वेगळी धरायची नाही, जोडाक्षर एकच. वर्गासाठी आम्हीच केलेलं उदाहरण:

पत्र्याच्या पेटीत माझ्या, फ्रॉक निळा घडी केला
कुलूप कुणी लावले, विचारू नको गं मला

मग फळ्यावर 'माझ्या' पुसून 'तिच्या' लिहिलं आणि 'मला'चं 'तिला' केलं. माप तसंच, यमक तसंच. पेटी आता दुसऱ्याच कुणाची तरी झाली. 'मी'ची 'ती' करणं हे या वर्गातलं सगळ्यात कामाचं अवजार आहे. अक्षरं मोजण्यात गुंतलेलं डोकं आठवणीत पूर्ण बुडत नाही, एक पाय काठावर राहतो. मुक्तछंद द्यायचा तो फार नंतर. 'मनात येईल ते लिहा' हे ऐकायला उदार वाटतं, पण आघात सोसलेल्या माणसाला मनात येईल ते नकोच असतं.

कथा किंवा आत्मकथन न घेता कविता का, याचंही कारण इथेच आहे. लहानपणीच्या आघाताची आठवण सलग नसते. वास, एखादा आवाज, दाराची फट, चादरीवरची नक्षी असे तुकडे असतात, आधी काय आणि नंतर काय याचा पत्ता नसतो. गद्य 'मग काय झालं?' विचारत राहतं, पोलीस ठाण्यात आणि कोर्टात विचारतात तसंच. कवितेला मधला भाग गाळता येतो आणि तो गाळला म्हणून कुणी जाब विचारत नाही.

२४ जून

निरक्षर बायकांचं काय, हा प्रश्न ऑफिसातून हमखास येतो. त्यांची अडचण सगळ्यात कमी असते. ओवीचा ठेका बहुतेकींच्या कानात आहे. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या कविता घरच्यांनी टिपल्या आणि पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये निघालं, एवढं सांगितलं की पुरतं.

अडचण टिपणाऱ्यांची असते. वऱ्हाडी बाई 'मले' म्हणते आणि टिपणारी 'मला' लिहून मोकळी होते. अहिराणीतलं 'माले'सुद्धा तसंच पुसलं जातं, आणि मग अक्षरांचं मापही कधीकधी कोलमडतं. नियम: ऐकलं तसं लिहायचं, लगेच मोठ्याने वाचून दाखवायचं, 'असंच ना मावशी?' विचारायचं, आणि तिने बदल सांगितला तरच हात लावायचा. बंजारा किंवा पारधी बोलीतली रचना देवनागरीत उच्चाराप्रमाणे. अर्थ लावायची घाई नको.

टिपणारी व्यक्ती बाहेरचीच हवी. बराकीतली रायटर बंदी अर्ज लिहून देते, तिच्या हातात दहा जणींची गुपितं आधीच असतात. तिला कवितांची किल्लीही देऊ नये.

८ जुलै

वेळेची विभागणी आता पक्की झाली. हातात दीड तास, दुपारी बराकी बंद व्हायच्या आधी संपवावं लागतं. सुरुवातीला टाळ्या-ठेका आणि अक्षरमोजणी २० मिनिटं. लेखन १२ मिनिटं, त्याहून जास्त नाही. वाचन ऐच्छिक, २५ मिनिटं. शेवटची २५ मिनिटं नुसती उतरणीची: सगळ्यांनी मिळून कोडं, चहा कसा करायचा यावर वाद, फुगडीचं गाणं, काहीही हलकं. उरलेली आठ-दहा मिनिटं हजेरी आणि पेनं मोजण्यात जातात.

उतरणीवर एवढा वेळ का? जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील या मानसशास्त्र संशोधकांनी १९८६ मध्ये केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटं आपल्या आयुष्यातल्या आघाताविषयी लिहिलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या पुढच्या काही महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. कार्यशाळावाले हा भाग आवडीने सांगतात. त्याच प्रयोगातला दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही: लिहून झाल्या झाल्या त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं. तेही मोकळे विद्यार्थी, हवं तिथे उठून जाऊ शकणारे. इथली बाई वर्गातून उठते ती थेट बराकीत, जिथे रात्री दिवा मालवत नाहीत आणि एकटीने रडायला कोपरा नाही.

गोठणं ओळखायच्या खुणा: पेन कागदावर टेकलेलं पण हलत नाही, नजर एका जागी, श्वास वर छातीत अडकलेला, हाक मारल्यावर उत्तराला उशीर. कधी उलटही असतं, बाई अचानक खूप हसते. अशा वेळी अंगाला हात लावायचा नाही, पाठीवरून तर मुळीच नाही. समोरून, शांत आवाजात नाव घेऊन बोलायचं. पाय जमिनीला टेकव, खोलीत हिरव्या रंगाच्या पाच वस्तू सांग, पाणी पी. कविता त्या दिवसापुरती बाजूला. 'लिहून टाक, मोकळं वाटेल' हे वाक्य वर्गात बंद आहे.

वासावरचे विषय दोन महिने तरी नकोत. वास फार झटकन खेचून नेतो. घासलेट हा शब्द तर कधीच द्यायचा नाही.

२२ जुलै

मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांसोबत नियमांची उजळणी.

देशातल्या तुरुंगांत चारांतले जवळपास तीन बंदी कच्चे आहेत, खटला चालू असलेले. त्यांनी वहीत लिहिलेलं काहीही गोपनीय नाही. झडतीत वही उघडली जाते. पोलिसांखेरीज इतर कुणाजवळ दिलेली कबुलीसुद्धा कोर्टात पुरावा म्हणून पुढे येऊ शकते आणि शिकवणारीला साक्षीला बोलावलं जाऊ शकतं. म्हणून केस, आरोप, ती रात्र, यावर कविता नाही. बाईने स्वतःहून सुरू केली तर तिथेच थांबवून वकिलांकडे पाठवायचं. माणसांची खरी नावं, गावाचं नाव, साल, हे कवितेत नाही.

पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याच्या कलम १९ प्रमाणे बालकावरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असणाऱ्या कुणालाही ती पोलिसांना द्यावी लागते, न दिल्यास कलम २१ खाली शिक्षा आहे. वयाने लहान असताना सोसलेल्या, आता विशीत असलेल्या मुली वर्गात आहेत. त्यांना हे आधी माहीत हवं, म्हणजे किती सांगायचं ते त्या ठरवतील. कुणाला तक्रार करायचीच असेल तर तिची वाट वकिलांमार्फत, वर्गातून नाही.

वह्या ठेवायला खरोखर सुरक्षित जागा तुरुंगात नाही, हे मान्य करून चालायचं. ज्या पानाची भीती वाटते ते वर्ग संपायच्या आत नष्ट करायची मुभा आहे. बॉलपेनची शाई तेलकट, नुसतं भिजवून ती जात नाही. कागदाच्या बारीक पट्ट्या फाडून बादलीत टाकायच्या आणि कणकेसारख्या मळायच्या. लिहिणं आणि मळून टाकणं हाही एक पूर्ण वर्ग धरला आहे, त्याची हजेरी लागते.

२९ जुलै

नागपंचमी आणि वर्गाचा वार एकच आला. पंचमीची गाणी म्हणजे माहेरची वाट आणि न्यायला येणारा भाऊ. इथे किती जणींच्या मुलाखतीला (भेटीला) भाऊ येतो ते मुलाखतीच्या रजिस्टरात दिसतंच. म्हणून आज रचना नाही. पंचमीची गाणी कुणी स्वतःहून म्हटली तर म्हणू द्यायची, विषय म्हणून उचलायची नाहीत. फेर धरला, झिम्मा झाला, वर्ग संपला. राखी आणि भाऊबीज यांच्या आधीच्या आठवड्यातही असाच हलका वर्ग ठेवायचा.

अंगाईबद्दलही तेच. आईबरोबर तुरुंगात मूल सहा वर्षांचं होईपर्यंतच राहू शकतं (सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल). ज्यांचं मूल नुकतंच बाहेर पाठवलं गेलंय त्यांच्यासमोर अंगाई काढणं हा निर्दयपणा ठरेल. वर्गाच्या वेळी मुलं बालवाडीत असतील असं वेळापत्रक जुळवलं आहे. चार वर्षांची मुलगी मांडीवर असताना आईने स्वतःचं चौथं वर्ष लिहावं, हे दोघींनाही झेपत नाही.

उखाणा हा हातखंडा प्रकार, तोही वगळला आहे. नवऱ्याचं नाव यमकात बसवायचा खेळ या खोलीत अनेक कारणांनी नको.

१९ ऑगस्ट

वाचनानंतरच्या टाळ्या बंद केल्या. सगळ्यात दुखऱ्या कवितेला सगळ्यात मोठ्या टाळ्या पडतात, मग पुढच्या आठवड्यात प्रत्येक जण त्याहून दुखरं काहीतरी शोधत येते. दुःखाची चढाओढ लागायला दोन वर्ग पुरतात. टाळ्यांऐवजी ऐकणाऱ्या एकीने कवितेतला तिच्या कानात राहिलेला एक शब्द परत म्हणायचा. बास. 'का?' नाही, सल्ला नाही, 'माझंही अस्संच झालं' नाही. सुरुवातीला हे रुक्ष वाटतं. पण शब्द परत मिळाल्यावर, आपलं ऐकलं गेलं आणि तरी कुणी आत घुसलं नाही, हे त्या बाईला कळतं.

आज मोठा अभंग घेतला: ६, ६, ६, ४ अक्षरं, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक. आमचं उदाहरण:

दार उघडेना
पाऊस थांबेना
मन हे लागेना
काय करू

शेवटचा तोकडा चरण फार कामाचा. तो आपोआप थांबवतो. लांबण लावणाऱ्या आणि लिहिता लिहिता वाहवत जाणाऱ्या, दोघींनाही त्याचा लगाम बसतो.

हजेरी कधीच सारखी नसते. कुणाची कोर्टाची तारीख, कुणाची व्हीसी (व्हिडिओवरची सुनावणी), कुणाला जामीन. म्हणून कुठलाही वर्ग 'पुढच्या वेळी पूर्ण करू' वर संपवायचा नाही. आज जिने काही उघडलं ती पुढच्या मंगळवारी दुसऱ्या कारागृहात असू शकते.

९ सप्टेंबर

नाममुद्रा. अभंगाच्या शेवटी कवीची खूण यायची परंपरा सगळ्यांना ठाऊक आहे, जनाबाईंची तर विशेष. लहान वयात नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या घरी कामाला आलेली पोर, ही ओळख इथे वेगळी समजावून सांगावी लागत नाही. प्रत्येकीने स्वतःची मुद्रा निवडायची. अटी तीन: खरं नाव नको, घरातलं लाडाचं नाव नको, बराकीतलं टोपणनावही नको. लाडाचं नाव गोड वाटतं, पण ज्याने छळलं तोही कदाचित त्याच नावाने हाक मारायचा. वस्तू, झाड, पक्षी, पीक यांतून निवडायला सांगितलं.

संपादन करताना फक्त दोन गोष्टींना हात: माप चुकलं तर दाखवायचं आणि ओळख पटवणारा तपशील काढायचा. नदीचं नाव, देवीची जत्रा आणि घटना हे तिन्ही एका कवितेत आले की तालुक्यातल्या माणसाला बाई कळते. एक बदललं तरी पुरतं.

३० सप्टेंबर

ऑफिसला २ ऑक्टोबरला मंचावर कविता हव्या होत्या, पाहुण्यांसमोर. वाटाघाटीत ठरलं की फक्त सामूहिक भोंडल्याचं गाणं होईल, वैयक्तिक कविता नाही. नवरात्र चालूच आहे. भोंडल्याचं गाणं लांबत नेता येतं, त्यात थापा मारता येतात, सासरची खिल्ली उडवता येते, आणि कडवं कुणाचं ते कळत नाही. भात, कॅन्टीनची कूपनं, डास, मोजणी, सगळं आत आलं. ऑफिसलाही चाललं. विनोदी रचना हा या वर्गातला कमी प्रतीचा माल समजला जातो, ते बरोबर नाही. काही जणींनी बाल्याबद्दल जे काही म्हटलं ते थट्टेतच, आणि तेवढंच पुरेसं होतं.

१४ ऑक्टोबर

पुस्तिका. ए-फोरचे ६ कागद मधून दुमडले की ए-फाइव्हची २४ पानं होतात. सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका बाजूला २४ आणि १, उलट बाजूला २ आणि २३, असा क्रम आतपर्यंत. पिना आत चालत नाहीत, म्हणून दुमडीवर तीन भोकं बाहेरच पाडून आणायची आणि दोऱ्याने शिवायची. गाठ आतल्या बाजूला.

संमती तीनदा: निवड करताना, टाइप केलेलं वाचून दाखवल्यावर, आणि छपाईच्या आदल्या आठवड्यात. तिसऱ्या वेळी नाही म्हटलं तर पान काढायचं, कारण विचारायचं नाही. जागा भरायला एक जास्तीचं सामूहिक गाणं तयार ठेवावं. लैंगिक अत्याचाराची बळी असलेल्या व्यक्तीची ओळख छापणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. प्रौढ पीडितेच्या लेखी परवानगीचा अपवाद कायद्यात आहे, पण तुरुंगात दिलेली लेखी परवानगी किती मोकळेपणाने दिलेली असते याचा विचार करून आम्ही तो अपवाद वापरत नाही. सगळ्या कविता नाममुद्रेनेच. या नोंदींतही त्यांतली एक ओळ नाही.

प्रती लिहिणाऱ्यांना एकेक, एक तुरुंगाच्या ग्रंथालयात. कच्चे खर्डे मळून टाकले. सुटलेल्या दोघींनी प्रत नको असं आधीच कळवलं होतं. घरी कुणाच्या हाती लागायला नको, हे कारण न सांगताही समजण्यासारखं आहे.

२८ ऑक्टोबर

पुढच्या तुकडीचं मागणीपत्र दिलं. शिवण बांधणीच्या १०० पानी वह्या ३०, बॉलपेन ४०, खडूचे दोन डबे, जाड दोरा एक रीळ, कागद फाडायला-मळायला झाकणाची बादली. खोली तीच मागितली आहे, कारण तिला दोन दारं आहेत. वार मंगळवारच, समुपदेशकांचा वार बदलला तर त्याच्या आदल्या दिवशी. अहिराणी बोलणारी एक टिपणारी शोधायची आहे, आणि बंगाली समजणारी मिळाली तर तीही.